मुद्दाम हरणं ड्राफ्ट लॉटरीनं थांबतं का? आठ संघांच्या लीगसाठी सल्ला हवा

पेठेतला_पॉइंटगार्ड

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात १७ वर्षांखालच्या मुलांची आठ संघांची बास्केटबॉल लीग आहे, तिच्या नियमांसाठी विचारतोय. प्रत्येक संघ बाकीच्यांशी एकदा खेळतो, म्हणजे सात सामने. वरचे चार उपांत्य फेरीत. प्रत्येक संघातून दर वर्षी साधारण तीन मुलं वयामुळे बाहेर पडतात. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या मुलांची निवड (ड्राफ्ट) आम्ही एनबीएसारखी, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगसारखी, उलट्या क्रमानं करतो, म्हणजे जो तळाला तो पहिला निवडणार.

आता कुजबुज सुरू झाली आहे की उपांत्य फेरीची आशा संपली की शेवटचे दोन सामने सोडून देणंच फायद्याचं. कुणी काय केलं ते मला उकरून काढायचं नाही. नियमच असा हवा की तसं करून हाती काही लागू नये. समितीतले बरेच जण म्हणतात, पहिली निवड तळाच्याला थेट न देता सोडतीनं ठरवा, "एनबीएसारखी लॉटरी ठेवा, प्रश्न मिटला." पण एनबीएत ४० वर्षं लॉटरी आहे आणि टँकिंगची (चांगल्या निवडीसाठी मुद्दाम हरण्याची) ओरड काही थांबलेली नाही. मग लॉटरी नेमकं काय थांबवते आणि काय थांबवत नाही? आणि खरोखर कमजोर असलेल्या संघावर तिच्यामुळे अन्याय होतो का?

रंकाळा_रिबाउंड

आधी लॉटरी का आली ते बघू, कारण तिची प्रत्येक दुरुस्ती आधीच्या पळवाटेवर झालेली आहे.

१९८४ पर्यंत दोन्ही कॉन्फरन्समधल्या (लीगच्या दोन विभागांतल्या) तळाच्या संघांत नाणेफेक व्हायची. तळ गाठला की पहिली किंवा दुसरी निवड पक्की. ह्यूस्टन रॉकेट्सनं १९८३ मध्ये नाणेफेक जिंकून राल्फ सॅम्पसन घेतला आणि १९८४ मध्ये पुन्हा जिंकून हकीम ओलाजुवान. १९८४ च्या हंगामाच्या शेवटी ते मुद्दाम हरत होते, असा संशय उघडपणे घेतला गेला.

१९८५ मध्ये पहिली लॉटरी झाली. प्लेऑफबाहेरचे (बाद फेरीत न पोहोचलेले) सात संघ, सात लिफाफे, सगळ्यांना सारखी संधी. न्यूयॉर्क निक्सला पॅट्रिक युइंग मिळाला, आणि लिफाफा गार करून ठेवला होता ही वदंता आजही चालू आहे. त्या वर्षीची खरी अडचण मात्र दुसरीच होती. गोल्डन स्टेट वॉरियर्स २२-६० (२२ विजय, ६० पराभव) अशा कामगिरीसह तळाला बरोबरीत होते, आणि निवडीत थेट सातव्या क्रमांकावर घसरले. म्हणून १९८७ पासून लॉटरी फक्त पहिल्या तीन जागांसाठी ठेवली. बाकीच्या जागा उलट्या क्रमानं.

१९९० मध्ये वजनं आली. अकरा संघ, ६६ संधी; तळाच्याला ११, सगळ्यात वरच्याला १. मग १९९३ मध्ये ४१-४१ असा बरोबरीचा हंगाम खेळलेल्या ऑर्लँडो मॅजिकनं ६६ पैकी एका संधीवर पहिली निवड जिंकली. आदल्याच वर्षी त्यांना शकील ओ'नील मिळालेला. ओरड झाली आणि १९९४ पासून गाडी उलट्या दिशेला नेली: तळाच्या संघाला २५ टक्के. इथेच पुढच्या टँकिंगचं बी पडलं.

२०१९ च्या ड्राफ्टपासून पद्धत पुन्हा बदलली. तळाच्या तिन्ही संघांना सारखे १४ टक्के. पुढे १२.५, १०.५, ९, ७.५, ६, ४.५, ३, २, १.५, १ आणि चौदाव्याला ०.५. सोडत आता पहिल्या चार जागांसाठी होते, त्यामुळे सगळ्यात तळाचा संघ जास्तीत जास्त पाचव्या जागेपर्यंत खाली येऊ शकतो. आधी चौथ्याच्या खाली येत नसे.

यंत्रणा अशी: १ ते १४ आकड्यांचे चौदा चेंडू, त्यातले चार काढायचे, क्रम महत्त्वाचा नाही. अशा १००१ चौकड्या होतात. हजार वाटून द्यायच्या (१४ टक्के म्हणजे १४० चौकड्या), एक मोकळी ठेवायची. मोकळी चौकडी निघाली किंवा आधीच जिंकलेल्या संघाची निघाली, तर पुन्हा काढायचं. संघांच्या प्रतिनिधींसमोर बंद खोलीत आधी हे उरकतं. टीव्हीवर दिसतात ते नंतर उघडलेले लिफाफे.

आता मूळ प्रश्न. जुन्या पद्धतीत तळाचा संघ २५ टक्के आणि तळापासून पाचवा ८.८ टक्के, म्हणजे जवळपास तिप्पट फरक. आता १४ विरुद्ध १०.५. निकालही बघा: २०१५ ते २०१८ सलग चार वर्षं पहिली निवड तळाच्या संघाच्या खात्यातून आली. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत एकदाही नाही. सगळ्यात शेवटी जाण्यासाठीची जीवघेणी शर्यत या बदलानं मोडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिरजकर_तिकटी

रिबाउंडभाऊ, माहिती चोख आहे, पण निष्कर्ष अर्धाच पटतो.

आधी एक फरक. कोल्हापुरात "मुद्दाम हरणं" म्हटलं की नुरा कुस्ती आठवते, दोन पैलवान आतून ठरवून लढतात ती. एनबीएतलं टँकिंग तसं नाही. इथे पैलवान जीव तोडून लढतो, पण वस्तादानंच कच्चा गडी उतरवलेला असतो. मैदानावरच्या खेळाडूला हरण्यात काडीचा फायदा नाही, कारण त्याचा पुढचा करार आजच्या खेळावर ठरतो. पुढच्या वर्षी येणारा नवा पोरगा त्याचीच जागा घेणार असतो. हरण्याचं काम व्यवस्थापन करतं. फेब्रुवारीतल्या अदलाबदलीच्या मुदतीपूर्वी अनुभवी खेळाडू विकायचे, पाठीच्या दुखण्याचं निमित्त काढून मुख्य खेळाडू बसवायचे, सामना अटीतटीचा असताना चौथ्या डावात दहा दिवसांच्या करारावरची मुलं उतरवायची. यातलं एकही पाऊल नियमात पकडणं सोपं नाही.

हे करावंसं का वाटतं? कारण मैदानावर पाचच जण असतात आणि एक असामान्य खेळाडू अख्खा संघ फिरवतो. नवख्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्यानुसार असतो: दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. चार वर्षं हिरा मिळतो आणि तोही बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्त. छोट्या शहरातल्या संघाकडे मोठे खेळाडू आपणहून येत नाहीत, त्यामुळे ड्राफ्ट हाच त्यांचा मुख्य दरवाजा. हे बक्षीस आहे तिथेच आहे. लॉटरीनं फक्त तिकिटांची वाटणी बदलली.

आणि ती बदलल्यावर काय झालं? कडा सरकली, म्हणजे एक पायरी घसरलं की फायदा एकदम वाढतो ती जागा. पूर्वी कडा अगदी तळाला होती. आता तळाचे तीन सारखे झाल्यावर "तळाच्या तीन-चारांत असलं की पुरे" अशी सपाट जागा तयार झाली आणि तिथे एकाऐवजी पाच-सहा संघ गोळा होऊ लागले. मधल्या संघांचाही मोह वाढला. तळापासून दहाव्या जागेला पूर्वी १.१ टक्के होते, आता ३. अटलांटा हॉक्सनी २०२४ मध्ये याच ३ टक्क्यांवर पहिली निवड नेली. २०२५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स १.८ टक्क्यांवर जिंकले आणि कूपर फ्लॅग घेऊन गेले. डॅलस तर प्ले-इनचा (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीचा) सामना खेळून हरलेला संघ, त्यांनी टँकिंग केलं असं कुणी म्हणणार नाही. पण बाकीच्या मधल्या संघांनी त्यातून काय धडा घेतला असेल?

सगळ्यात वाईट कडा लॉटरीत नाहीच, ती अदलाबदलीच्या करारांत असते. "आमची निवड तुम्हाला दिली, पण ती पहिल्या दहात आली तर आमच्याकडेच राहील," अशी अट घालतात. एप्रिल २०२३ मध्ये डॅलसची निवड याच अटीवर न्यूयॉर्ककडे जायची होती. प्ले-इनची आशा गणिती हिशोबानं अजून जिवंत होती, तरी शिकागोविरुद्ध कायरी अर्विंगसह बरेच जण बसवले आणि लुका डॉन्चिचला पहिल्या डावानंतर जेमतेम ठेवून बाहेर काढला. लीगनं साडेसात लाख डॉलर दंड केला. पण दहावी निवड हातात राहिली. त्या निवडीच्या व्यवहारातून डेरेक लाइव्हली आला आणि पुढच्याच हंगामात तो संघ अंतिम फेरीत पोहोचला. दंड भरूनही सौदा फायद्याचा ठरतो, तोवर दंडाची भीती कुणाला?

गणिती_गडी

तिकटींच्या "कडा" या मुद्द्यावरच बोट ठेवतो. हरण्याची ओढ एका जागेपासून खालच्या जागेत गेल्यावर होणाऱ्या फायद्याइतकी असते. हा उतार जिथे तीव्र, तिथे संघ घसरायला तयार. १९८५ सारखं सगळं सपाट करा, तळातला उतार शून्य होतो. पण मग प्लेऑफमध्ये जेमतेम पोहोचणारा संघ विचार करतो की एका जागेनं खाली राहिलो तर सातातली एक संधी मिळते. सगळा उतार त्या एका पायरीवर येऊन बसतो. चौदाव्याला ०.५ टक्का ठेवण्यामागचा हेतू तोच, प्लेऑफ सोडून लॉटरीत यावंसं कुणालाही वाटू नये.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र साधत नाहीत: कमजोराला खात्रीची मदत, तळाला उतार नाही, वरच्या पायरीवर उतार नाही. दोन घ्या, तिसरी सुटते. तिन्ही साधणारी लॉटरी अजून कुणाला सापडलेली नाही, आणि उतारांची बेरीज केली की ती सापडणार नाही हे लक्षात येतं.

अन्यायाबद्दल डेट्रॉइट पिस्टन्सचं उदाहरण पुरे. २०२२-२३ मध्ये १७-६५, सगळ्यात तळाला, सगळ्यांचा डोळा होता त्या व्हिक्टर वेम्बन्यामाच्या ड्राफ्टमध्ये पाचवी जागा. पुढच्या हंगामात जिंकायच्या इराद्यानं उतरले, सलग २८ सामने हरले, १४-६८ वर संपले. पुन्हा पाचवी जागा. तळाच्या संघाला पाचवी जागा मिळण्याची शक्यता ४७.९ टक्के आहे, म्हणजे हे दुर्दैव फार विरळाही नाही. प्रामाणिकपणे कमजोर असलेल्या संघानं किंमत मोजली, कारण नियमाला प्रामाणिक कमजोर आणि बनावट कमजोर यांतला फरक कळत नाही. माझ्या मते लॉटरीचा हा खरा दोष आहे, आणि तो टक्के इकडेतिकडे करून जाणार नाही.

पॉइंटगार्ड, तुमच्यासाठी हिशोब मांडण्याआधी एक सांगा: संघ जुनी मुलं कायम ठेवतात की दर वर्षी सगळीच नव्यानं वाटता? आणि निवड किती फेऱ्यांची?

पेठेतला_पॉइंटगार्ड

जुनी मुलं कायम राहतात. फक्त नवी २४ मुलं वाटायची असतात, आठ संघ, तीन फेऱ्या. तिन्ही फेऱ्यांत क्रम तोच, तळाचा संघ प्रत्येक फेरीत पहिला.

गणिती_गडी

मग पहिली दुरुस्ती लॉटरीची नाही, फेऱ्यांची करा.

आत्ताच्या पद्धतीत तळाच्या संघाला १, ९ आणि १७ क्रमांकाची मुलं मिळतात, विजेत्याला ८, १६ आणि २४. क्रमांकांची बेरीज २७ विरुद्ध ४८. नागमोडी क्रम लावा, म्हणजे दुसरी फेरी उलटी. तळाच्याला १, १६, १७ आणि विजेत्याला ८, ९, २४. बेरीज ३४ विरुद्ध ४१. फरक २१ वरून ७ वर आला आणि चेंडू हलवायचीही गरज पडली नाही. तरी पहिली निवड तळाच्यालाच आहे, म्हणजे मदत पूर्ण गेलेली नाही. हरण्यातला नफा कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

यावर लॉटरी हवीच असेल तर ती उपांत्य फेरीबाहेरच्या चार संघांपुरती ठेवा. चौदा चेंडूंचा थाट लागत नाही. १ ते ६ असे सहा आकडे घ्या, तीन काढा. बरोबर २० तिकड्या होतात, म्हणजे एक तिकडी पाच टक्के. मी ६-६-५-३ अशी वाटणी सुचवीन:

आठवा संघ: १२३, १२४, १२५, १२६, १३४, १३५
सातवा: १३६, १४५, १४६, १५६, २३४, २३५
सहावा: २३६, २४५, २४६, २५६, ३४५
पाचवा: ३४६, ३५६, ४५६

म्हणजे ३०, ३०, २५ आणि १५ टक्के. क्रमाचा संबंध नाही, ५-१-३ निघालं तरी ती १३५ चीच तिकडी. सोडत फक्त पहिल्या दोन जागांसाठी. दुसऱ्या वेळी आधी जिंकलेल्या संघाची तिकडी निघाली तर पुन्हा काढायचं. तिसरी-चौथी जागा उरलेल्या दोघांत उलट्या क्रमानं. आठव्या संघाला पहिल्या दोनांत येण्याची शक्यता साधारण ५८ टक्के आणि तो तिसऱ्याच्या खाली जात नाही. सातवा चौथ्यावर घसरू शकतो, पण ती शक्यता नऊ टक्क्यांच्या आसपास. आठव्याला सातव्यापेक्षा जास्त मिळतं ते एवढंच संरक्षण, आणि तेवढ्यासाठी सामना सोडून देणारा संघ मला तरी दिसत नाही.

पाचव्याला १५ टक्के जास्त वाटतील. ते दोन तिकड्यांवर आणून ६-६-६-२ करता येईल, म्हणजे चौथ्या जागेवरून खाली यायचा मोह आणखी कमी. पण मग पाचव्यावरून सहाव्यावर घसरलं की संधी १० वरून थेट ३० टक्के. कडा तिथे तयार होईल. म्हणून ५ आणि ३ असा हळू उतार बरा.

प्रत्यक्ष सोडतीत चुका कुठे होतात तेही सांगतो. कागदाच्या चिठ्ठ्या नकोत. घडी कमी-जास्त झाली की हाताला कळते, आणि दमट हवेत दोन चिकटून एकदम वर येतात. हाऊजीच्या खेळातले लाकडी ठोकळे घ्या, एकाच डब्यातले, किंवा टेबल टेनिसचे सहा चेंडू एकाच पाकिटातले. चेंडूंवर आकडे मार्करनं लिहा, स्टिकर लावू नका, कारण स्टिकरची कड बोटाला लागते. ९ वापरात नाही, त्यामुळे आकडा उलटा वाचण्याचा घोळ नाही. पिशवी जाड कापडाची, कोपरापर्यंत हात जाईल अशी. काढणारा माणूस कुठल्याच संघाचा नसावा. तिकड्यांचं पत्रक सोडतीच्या आधी छापून आठही व्यवस्थापकांच्या सह्या घ्या. पत्रक नंतर काढलं तर एवढा सगळा खटाटोप वाया जातो. मोबाइलवर चित्रीकरण सलग, रिकामी पिशवी उलटी करून दाखवण्यापासून.

शिट्टीवाली

मी पंच म्हणून लिहिते. वरचे दोन्ही हिशोब उत्तम आहेत, पण सगळा भार लॉटरीवर टाकू नका. मुख्य खेळाडू बसवून ठेवणं हे वेगळं दुखणं आहे, त्याला वेगळं औषध लागतं.

एनबीएनं २०२३-२४ पासून सहभागाचं धोरण आणलं: तंदुरुस्त असलेला मोठा खेळाडू कारणाशिवाय बसवायचा नाही, आणि एका सामन्यात असे दोघं एकदम तर नाहीच. मार्च २०२५ मध्ये युटा जॅझला लाउरी मार्कानेनच्या बाबतीत एक लाख डॉलर दंड झाला. तो हंगाम युटानं १७-६५ असा तळाला संपवला आणि सोडतीत पाचवी जागा मिळाली. दंड किरकोळ होता, लॉटरीनं मात्र जास्त नुकसान केलं.

आपल्याकडे "किमान इतकी मिनिटं खेळवा" असा नियम बरेच जण सुचवतात. तो चालणार नाही. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) गुणपत्रकावर मिनिटं लिहिलीच जात नाहीत. खेळाडू मैदानात उतरला की त्याच्यासमोर फुली पडते, सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीला गोल, एवढंच. मिनिटं मोजायची तर टेबलवर वेगळा माणूस लागेल आणि प्रत्येक बदलीवर वाद होईल. त्यापेक्षा डावांवर नियम करा. प्रत्येक डाव दहा मिनिटांचा, असे चार डाव. डाव सुरू होताना मैदानात असलेल्या पाच जणांचे बनियनचे क्रमांक सहायक गुणलेखकानं वहीत टिपायचे. पहिल्या पाच सामन्यांत ज्याची नोंद निम्म्याहून जास्त डावांच्या सुरुवातीला आहे, त्यानं शेवटच्या दोन्ही सामन्यांत किमान दोन डाव सुरू केले पाहिजेत.

मूल आजारी किंवा जखमी असेल तर एक शब्दही न विचारता सूट. सतरा वर्षांच्या पोराचा सुजलेला घोटा कुठल्याही नियमापेक्षा मोठा आहे, आणि हे नियमपत्रकातच लिहून ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी दुसऱ्या सामन्यालाही गैरहजर असेल तरच मागा. कारणाशिवाय नियम मोडला तर दंड पैशात नको, तो पालकांच्या खिशातून जातो. त्या संघाच्या दोन तिकड्या काढून घ्या आणि त्या मोकळ्या ठेवा. निघाल्या तर पुन्हा काढायचं. ज्यासाठी सामना सोडला तेच कमी झालं, की ही शिक्षा संघाला बरोबर कळते.

आणि एक. महिलांच्या डब्ल्यूएनबीएमध्ये लॉटरीची वजनं दोन हंगामांच्या एकत्रित कामगिरीवर ठरतात. एक हंगाम वाया घालवून निम्माच फायदा. तुमच्याकडे मागच्या वर्षीचा तक्ता असेल तर दोन्ही वर्षांचे विजय एकत्र करून क्रम लावा. गणिती भाऊंनी जो दोष सांगितला, तो याने थोडा निवळतो, कारण सलग दोन वर्षं तळाला राहणारा संघ बहुधा खरंच कमजोर असतो.

मिरजकर_तिकटी

दोन वर्षांचा हिशोब मला मान्य. पण इथे मुलं दर वर्षी तीन बदलतात, दहापैकी. मागच्या वर्षी तगडा असलेला संघ यंदा एकदम रिकामा होऊ शकतो आणि त्यालाच मदत मिळणार नाही. यंदाच्या विजयांना दुप्पट वजन द्या, मागच्या वर्षीच्यांना एकपट.

बाद झाल्यानंतर मिळवलेल्या गुणांवर क्रम ठरवायचा, हाही मार्ग आहे. ॲडम गोल्ड यांनी सुचवलेली ही पद्धत अमेरिका-कॅनडातल्या महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगनं २०२४ मध्ये स्वीकारली. प्लेऑफमधून बाद झाल्या क्षणापासून जो जास्त जिंकेल, त्याला आधीची निवड. कमजोर संघ लवकर बाद होतो, त्याला जास्त सामने मिळतात, म्हणजे मदतही राहते आणि शेवटपर्यंत जिंकायचं कारणही. मला ही कल्पना तत्त्वानं सगळ्यात जवळची वाटते. पण सात सामन्यांच्या लीगमध्ये कुणी सहाव्या सामन्यानंतर बाद होतो, कुणी पाचव्या. एका सामन्यावर क्रम ठरवणं म्हणजे त्या दिवशी समोर कोण आलं यावर ठरवणं. दुहेरी फेरी करून चौदा सामने केलेत तर जरूर वापरा, सातवर नको.

कळंबा_कोर्ट

लिलाव का नाही करत? आयपीएल, प्रो कबड्डीत शेवटच्या संघालाही तितकीच थैली मिळते. तळाला जाऊन काही मिळतच नाही, तर मुद्दाम कोण हरेल?

शिट्टीवाली

मोठ्यांसाठी लिलाव खरंच स्वच्छ. पण १४-१५ वर्षांच्या मुलांवर सगळ्यांसमोर बोली लावायची आणि एखाद्यावर कुणीच बोली लावली नाही की तो पोरगा कायमचा मैदान सोडतो. आणि सारख्या थैलीत कमजोर संघाला वर काढणारं काही नसतं. जुने खेळाडू कायम ठेवणाऱ्या लीगमध्ये तगडा संघ तगडाच राहतो.

पेठेतला_पॉइंटगार्ड

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी समितीपुढे हे ठेवतो: नागमोडी तीन फेऱ्या, चार संघांची सहा आकड्यांची सोडत, डावांच्या सुरुवातीची वही, आणि यंदाचे विजय दुप्पट धरून दोन वर्षांचा क्रम. शिवाय एका संघाला त्याच्या नव्या निवडीची जागा दुसऱ्याला देता येणार नाही, म्हणजे अटींच्या करारांची कडा मुळातच नको.

एक शंका राहिली. दोन संघ बरोबरीत आले तर? आम्ही आत्तापर्यंत एकमेकांविरुद्धच्या सामन्यावर क्रम लावत आलोय.

गणिती_गडी

उपांत्य फेरीसाठी तसंच ठेवा, लॉटरीसाठी नको. नाहीतर एकमेकांविरुद्धचा तोच सामना हरण्यात फायदा निर्माण होतो.

एनबीए बरोबरीतल्या संघांच्या चौकड्या एकत्र करून समान वाटते आणि उरलेली एक सोडत काढून देते. २०२५ मध्ये डॅलस आणि शिकागो दोघे ३९-४३ होते. त्यांच्या जागांचे २ आणि १.५ टक्के मिळून ३.५, त्यातले १.८ डॅलसला आणि १.७ शिकागोला. तुम्हीही तसंच करा. सातवा-आठवा बरोबरीत असतील तर सहा-सहा आधीच सारख्या आहेत, फक्त घसरण्याच्या संरक्षणासाठी नाणेफेक. सहावा-सातवा असतील तर ११ तिकड्या, सहा आणि पाच, जास्तीची नाणेफेकीनं. पाचवा-सहावा असतील तर आठ, चार-चार. पाचवा, सहावा, सातवा तिघे बरोबरीत आले तर १४: पाच, पाच आणि चार, आणि चार कुणाला ते चेंडू काढून. सहावा, सातवा, आठवा असतील तर १७: सहा, सहा, पाच. चौघेही बरोबरीत आले तर पाच-पाच.

तिकड्यांची यादी वरून खाली त्याच क्रमानं वाटत जायची, म्हणजे कुणाला कुठली तिकडी द्यायची यावर पुन्हा वाद नको. नाणेफेक पत्रक छापण्याआधी, सोडतीच्या दिवशी नाही.